श्रवणाची मुदत

मूल दोन वर्षांचे होऊनही हाकेला ओ देत नाही, तेव्हा उदगीरसारख्या तालुक्याच्या गावी घरातील वडीलधारी माणसे त्याच्या पाठीमागे थाळी वाजवून पाहतात, थाळीचा हादरा अंगाला जाणवून मूल वळले की निश्चिंत होतात, आणि ‘याचा बापही उशिराच बोलू लागला होता’ असा दाखला देऊन आणखी एक वर्ष जाऊ देतात. पुढे लातूर किंवा हैदराबाद येथे आवाज मेंदूपर्यंत पोहोचतो का हे पाहणारी ‘बेरा’ तपासणी होऊन बहिरेपणाची खातरजमा झाली म्हणजे कॉक्लिअर इम्प्लांटचे नाव निघते, आणि आईबापांचा पहिला प्रश्न असतो, ऑपरेशन झाल्यावर लेकरू बोलेल ना? याचे प्रामाणिक उत्तर असे की, ते लेकराच्या वयावर आणि ऑपरेशननंतरच्या वर्षांत घरी काय घडते त्यावर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे.

अंतर्कर्णातील अडीच वेढ्यांच्या शंखाकृती नलिकेत सुमारे साडेतीन हजार अंतःकेशपेशी ध्वनीची कंपने मज्जातंतूच्या स्वाधीन करतात. तार स्वर शंखाच्या तळाशी, मंद्र स्वर त्याच्या टोकाशी. जन्मजात बहिरेपणात बहुधा या पेशी निकामी, पण मज्जातंतू शाबूत असतो. म्हणून शंखात बारीक विद्युदग्रांची तार सरकवून तंतूला थेट चेतना देता येते; हेच कॉक्लिअर इम्प्लांट. पण वळणावळणाच्या शंखात तार इजा न करता आत जावी कशी, या विवंचनेत असलेले मेलबर्नचे शल्यचिकित्सक ग्रॅम क्लार्क 1977 साली सुटीत समुद्रकिनाऱ्यावर बसले असता, त्यांनी वाळूतला एक शंख उचलून त्यात गवताची पाती घालून पाहिली, आणि बुडाशी ताठ व शेंड्याशी लवचीक असलेली पाती वेढ्यांतून अलगद पुढे सरकते हे त्यांच्या ध्यानी आले. या गृहस्थांचे वडील औषधविक्रेते होते आणि त्यांनाही ऐकू कमी येत असे; पित्याची ती अडचण पाहत वाढलेल्या पुत्राने 1 ऑगस्ट 1978 रोजी आपल्या पहिल्या रुग्णावर शस्त्रक्रिया केली, हा योग मला विज्ञानाच्या इतिहासातील अत्यंत हृद्य योगांपैकी एक वाटतो.

क्लार्क यांच्या परंपरेतील यंत्रात विद्युदग्रे 22. हजारो पेशींचे काम इतक्यांनी भागते कसे? रॉबर्ट शॅनन व सहकाऱ्यांनी 1995 साली दाखवले की, ध्वनीचे अवघे चार कंप्रता-पट्टे उरले तरी श्रवणक्षम प्रौढांना शांत जागी बोलणे जवळजवळ पूर्ण कळते. मात्र त्या प्रौढांच्या मेंदूत भाषा आधीच वसलेली होती आणि तुटपुंज्या ध्वनीतील उणीव ती भरून काढत होती. जन्मतः न ऐकणाऱ्या बाळाजवळ हे भांडवल नसते. ते त्याला या अपुऱ्या ध्वनीतूनच उभे करावे लागते, आणि त्याला मुदत असते. अनु शर्मा व सहकाऱ्यांच्या 2002 च्या अभ्यासात साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट झालेल्या बहुतेक मुलांच्या मेंदूचा ध्वनीला प्रतिसाद वयानुरूप आढळला; सात वर्षांनंतर इम्प्लांट झालेल्यांपैकी बहुतेकांचा मंदावलेलाच राहिला. जमिनीला वापसा असताना टाकलेले बी आणि वापसा मोडल्यावर टाकलेले तेच बी, यांच्या उगवणीतला फरक आपल्या शेतकऱ्याला सांगावा लागत नाही. जॉन निपार्को यांनी 2010 साली प्रसिद्ध केलेल्या 188 अमेरिकन मुलांच्या अभ्यासातही, दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांची भाषा ऐकणाऱ्या मुलांच्या सर्वांत जवळ पोहोचली, आणि जेथे आईबाप मुलाशी अधिक समरसून बोलत होते तेथे ती अधिक वाढली.

वर्तमानपत्रांत यंत्र चालू झाल्याच्या दिवसाची, बाळाच्या चकित मुद्रेची छायाचित्रे छापली जातात. पण त्या दिवशी बाळाला ऐकू येतो तो अर्थहीन आवाज, आणि त्याला अर्थ देणाऱ्या वाचा-उपचारतज्ज्ञांचे व आयांचे श्रम कोणी छापत नाही. आई लेकराच्या बाजूस बसते, ओठ दिसू नयेत म्हणून तोंडापुढे हात धरते आणि एकेक करून आ, ऊ, ई, श, स, म उच्चारते. प्रत्येक ध्वनी ऐकताच लेकरू वाटीत एक चिंचोका टाकते. ‘म’ला चिंचोका पडला आणि ‘स’ला हात थांबला, तर तार स्वरांकडे लक्ष पुरवायला हवे हे त्या माउलीला तेथल्या तेथे उमगते. शिवाय भाकरी थापताना, न्हाऊ घालताना, घरच्या बोलीत, मग ती मराठी असो, दखनी असो की कन्नड, अखंड बोलत राहायचे. एवढे करूनही बाजाराच्या गलबल्यातले बोलणे आणि भजनातील सुरांचे बारकावे या यंत्राला कठीणच जातात. आणि ज्यांची मुदत टळली, त्यांच्यासाठी खुणांची भाषा ही स्वयंपूर्ण भाषा आहे, हेही निःसंकोच सांगितले पाहिजे.

लाखोंच्या घरातला यंत्राचा खर्च केंद्राच्या ‘अ‍ॅडिप’ योजनेतून पात्र मुलांना मिळतो. तिच्या इम्प्लांटविषयक भागाची धुरा मुंबईच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेकडे आहे. 1983 साली स्थापन झालेल्या या संस्थेला ज्यांचे नाव आहे ते महाराष्ट्राचे राज्यपाल होते, आणि त्याआधी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू. म्हणजे निजामाच्या राजवटीत राहिलेल्या उदगीरला ते परके नव्हेत. परंतु रकमेची मंजुरी मिळाली तरी हातून निसटलेले वय कोणत्याही हुकमाने परत मिळत नाही. म्हणून जन्माच्या दाखल्याइतकाच श्रवणतपासणीचा दाखला सक्तीचा व्हावा, पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यात निदान आणि सहाव्यात उपचार हा जगन्मान्य क्रम प्रत्येक प्रसूतिगृहाने पाळावा, आणि तालुक्याच्या ठिकाणी वाचा-उपचारतज्ज्ञाची कायम नेमणूक व्हावी. यात दिरंगाई झाली, तर लाखोंचे यंत्र बसवूनही मुलाचा भाषेचा हक्क आपणच बुडवला, असे म्हणावे लागेल.