माळ्यावरची तबकडी किती जुनी?



दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरची ट्रंक खाली येते. इथेच हिवरा आश्रमला, आमच्या गटातल्या एका ताईंच्या ट्रंकेतून आजेसासूबाईंच्या सात काळ्या तबकड्या निघाल्या. भंगारवाला दारातच उभा होता. ताई म्हणाल्या, "द्यायच्या तर देऊ, पण आधी कळू तरी द्या, कधीच्या आहेत त्या!"

या तबकड्या लाखेच्या. बांगड्यांना वापरतात तीच लाख, पळसा-बोरीवरच्या किड्यांची. त्या जड असतात आणि पडल्या की फुटतात. तबकडीवर साल सहसा छापत नसत. पण मधल्या गोल कागदावरून, म्हणजे लेबलवरून, अंदाज येतो. अक्षरं इंग्रजी असतील तर शाळेत जाणाऱ्या नातीला वाचायला बसवा.

पहिली खूण, बाजू. एकाच बाजूला गाणं असेल तर तबकडी बहुधा १९०८ च्या आसपासची किंवा त्याआधीची.

दुसरी, गाव. आपल्याकडे ग्रामोफोन कंपनीने १९०२ साली कलकत्त्यात गाणी भरून घेतली, त्यात गौहरजान होत्या. पण तबकड्या छापून यायच्या जर्मनीतल्या हॅनोव्हरहून. कलकत्त्यात कारखाना निघाला १९०८ साली, आणि डमडमचा १९२८ साली. लेबलवर डमडम असेल तर ती तबकडी १९२८ च्या आधीची नाही.

तिसरी, चित्र. पंखवालं बाळ लेखणीने लिहितंय, असं चित्र जुनं. कर्ण्यासमोर बसलेला कुत्रा त्यानंतरचा.

चौथी, सिनेमाचं नाव. पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' १९३२ चा, 'कुंकू' १९३७ चा. त्यातलं गाणं त्याच्या फार आधीचं कसं असेल?

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. गाजलेलं गाणं कंपनी पुढेही कित्येक वर्षं छापायची. नंबर तोच, लेबल नवं. म्हणजे लेबलवरून कळतं तबकडी कधी छापली ते. गाणं कधी गायलं ते नंबरावरून शोधावं लागतं. म्हणून दोन्ही वहीत उतरवून ठेवा.

आणि गायिकेचं नाव नीट वाचा. कुणापुढे 'बाई', कुणापुढे 'जान', कुणापुढे 'मिस'. काही नावांपुढे कंसात 'ॲमॅच्युअर', म्हणजे हौशी, असंही छापलेलं असे. ही गाण्याचा धंदा करणारी नव्हे, एवढं सांगण्यासाठी! बाईने गायचं तर तिची ओळखही अशी छापून द्यावी लागे.

तबकडी मऊ कोरड्या फडक्याने पुसा. स्पिरिट लावू नका, लाख त्यात विरघळते. एकावर एक रचू नका. पुस्तकासारख्या उभ्या, उन्हापासून लांब ठेवा.

ताईंच्या सातपैकी तीन तबकड्यांवर डमडम निघालं, आणि एकीवर पंखवालं बाळ. भंगारवाला रिकाम्या हाताने गेला. ताईंनी नंबर वहीत लिहिले, आणि खाली आजेसासूबाईंचं नाव.