कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेज: प्रवेशाचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

कम्युनिटी कॉलेज म्हणजे अमेरिकेतील स्थानिक कर आणि राज्याच्या अनुदानावर चालणारे सार्वजनिक महाविद्यालय. दोन वर्षांची असोसिएट पदवी, व्यावसायिक प्रमाणपत्रे आणि चार वर्षांच्या पदवीची पहिली दोन वर्षे असे शिक्षण तेथे मिळते. आज चालू असलेल्यांपैकी सर्वांत जुने सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज इलिनॉयमधील जोलिएट येथे 1901 साली सुरू झाले. सर्वांत मोठी व्यवस्था मात्र कॅलिफोर्नियाची आहे: 73 डिस्ट्रिक्ट आणि 116 कॉलेजे. फ्रीमाँटचे ओलोनी, कुपर्टिनोचे डी अँझा, सांता क्लाराचे मिशन ही कॉलेजे सिलिकॉन व्हॅलीतल्या मराठी कुटुंबांच्या हाकेच्या अंतरावर आहेत. तरीही तिथल्या प्रवेशाची कल्पना बऱ्याच घरांत अकरावीच्या कटऑफवरून बांधली जाते, आणि बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतात.

पहिला गैरसमज गुणांचा. चांगले मार्क असल्याशिवाय अर्ज करण्यात अर्थ नाही, असे मानले जाते. प्रत्यक्षात या कॉलेजांना गुणवत्ता यादीच नसते. हायस्कूल पूर्ण केलेल्या, किंवा वयाची 18 वर्षे पूर्ण झालेल्या आणि शिक्षणाचा लाभ घेऊ शकणाऱ्या कोणालाही प्रवेश मिळतो. अर्ज ऑनलाइन भरायचा, त्याला शुल्क नाही, आणि साधारण काही दिवसांत विद्यार्थी क्रमांक ईमेलने येतो. अपवाद आहेत. नर्सिंग, डेंटल हायजीन यांसारख्या मर्यादित जागांच्या अभ्यासक्रमांसाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर भारतातून येणाऱ्यांचा अर्जही वेगळा असतो. त्यात इंग्रजीचा पुरावा आणि खर्चाची तजवीज दाखवावी लागते.

अर्जातला सर्वांत निष्काळजीपणे भरला जाणारा भाग रहिवासाचा. फी त्यावरच ठरते. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला 2012 पासून युनिटमागे (श्रेयांकामागे) 46 डॉलर लागतात, म्हणजे 12 युनिटच्या पूर्णवेळ सत्राचे 552 डॉलर. डी अँझासारख्या क्वार्टर पद्धतीच्या कॉलेजात एक युनिट लहान असते, म्हणून तिथे दर 31 डॉलर आहे. बिगर-रहिवाशाला याच्या कित्येक पट फी पडते. रहिवासी ठरण्यासाठी सत्र सुरू होण्याआधी राज्यात एक वर्ष आणि एक दिवस वास्तव्य, आणि इथेच राहण्याचा हेतू, दोन्ही दाखवावे लागतात. भाडेकरार, राज्याचा आयकर परतावा, वाहन परवाना ही कागदपत्रे इथे उपयोगी पडतात.

एच-4 व्हिसावर, म्हणजे एच-1बीवर काम करणाऱ्यांच्या जोडीदाराला व मुलांना मिळणाऱ्या व्हिसावर, शिकता येत नाही, ही समजूत खूप घरांत पक्की बसलेली आहे. ती चुकीची आहे. एच-4 वर शिकण्यासाठी व्हिसा बदलावा लागत नाही, आणि अट पूर्ण झाली की रहिवाशाची फीही लागू होऊ शकते. या एका चुकीच्या समजुतीपायी अनेक शिकलेल्या बायका वर्षानुवर्षे घरी बसतात, हे अधिक बोलले जायला हवे. संघराज्याची आर्थिक मदत मात्र एच-4 धारकांना मिळत नाही. मुलगा किंवा मुलगी 21 वर्षांची झाली की एच-4 संपतो. त्यानंतर एफ-1 घेतला तर ती बिगर-रहिवासी गणली जाते. उलट दिशेचाही एक गैरसमज आहे. मुलांकडे आलेल्या आईवडिलांना इंग्रजीच्या विनाशुल्क वर्गात घालावे, असे अनेकांना वाटते. पर्यटक व्हिसावर नियमित अभ्यासक्रमाला नाव घालण्यास संघराज्याचा नियम मनाई करतो. छंदाचा छोटा वर्ग चालतो. फी नाही म्हणजे परवानगी आहे, असे नव्हे.

आता प्लेसमेंटकडे. ही प्रवेश परीक्षा आहे, नापास झाले तर दार बंद, अशी भीती सर्रास आढळते. प्लेसमेंटचा प्रवेशाशी कधीच संबंध नव्हता. इंग्रजी आणि गणितात विद्यार्थ्याने कोणत्या पातळीपासून सुरुवात करावी एवढेच तिच्यातून ठरत असे. तरी भीती अगदीच निराधार नव्हती. पूर्वी ॲक्युप्लेसरसारख्या संगणकीय चाचणीच्या एका बैठकीवर विद्यार्थी दोन-तीन पायऱ्या खालच्या पूर्वतयारी वर्गात टाकला जाई. त्या वर्गांचे युनिट पदवीत धरले जात नसत, फी आणि सत्रे मात्र खर्च होत, आणि पुष्कळजण पदवीच्या पातळीवरच्या पहिल्या वर्गापर्यंत पोचतच नसत. कोलंबिया विद्यापीठाच्या कम्युनिटी कॉलेज संशोधन केंद्राने 2012 मध्ये एका मोठ्या शहरी व्यवस्थेतील आकडे तपासले. गणितात चाचणी देणाऱ्या चौघांपैकी सुमारे एक आणि इंग्रजीत तिघांपैकी सुमारे एक विद्यार्थी अगदीच चुकीच्या पातळीवर गेला होता. त्यांतही, झेपले असते त्याहून खाली टाकलेल्यांची संख्या जास्त होती. हायस्कूलचे गुण अधिक खरा अंदाज देत होते. चार वर्षांचा अभ्यास एका दुपारच्या चाचणीपेक्षा जास्त सांगतो, यात खरे तर नवल नाही.

कॅलिफोर्नियाने 2017 मध्ये एबी 705 हा कायदा केला आणि 2019 च्या शरद सत्रापासून तो पुरता अंमलात आला. त्यानुसार हायस्कूलचे विषय, श्रेणी आणि जीपीए (श्रेणींची सरासरी) पाहूनच पातळी ठरवायची, आणि एका वर्षात पदवीच्या पातळीवरचे इंग्रजी व गणित पूर्ण होण्याची शक्यता जास्तीत जास्त राहील असेच विद्यार्थ्याला बसवायचे. राज्याने 2018 मध्ये दिलेल्या नियमावलीत इंग्रजीसाठी 2.6 किंवा त्याहून अधिक जीपीए असणारा थेट पदवीच्या वर्गात जातो. त्याहून कमी असला तरी वर्ग तोच, सोबत जोडवर्गाची मदत. 2022 च्या एबी 1705 ने हे नियम आणखी घट्ट केले.

भारतातून बारावी किंवा बी.कॉम. करून आलेल्यांकडे अमेरिकी हायस्कूलचा दाखला नसतो, म्हणून आपल्याला चाचणी द्यावीच लागणार, असे त्यांना वाटते. त्यांच्यासाठी स्वयंमार्गदर्शित प्लेसमेंट असते: एक प्रश्नावली, ज्यात आधी कोणते गणित शिकलात, इंग्रजीत किती लांबीचे लेखन केले आहे असे विचारतात, वर्गांचे नमुने दाखवतात आणि शेवटी शिफारस करतात. इथे नम्रपणे स्वतःला खाली बसवणे महागात पडते. कॅल्क्युलससारख्या वरच्या वर्गासाठी आधीचा विषय झाल्याचा पुरावा लागतो. भारतीय गुणपत्रिकांचे अधिकृत संस्थेकडून मूल्यमापन करून घेतले की तो देता येतो. इतर राज्यांत चित्र वेगळे आहे. टेक्सासमध्ये टीएसआय चाचणी अजून आहे, तर फ्लोरिडाने 2013 च्या कायद्याने अलीकडच्या बहुतेक हायस्कूल पदवीधरांसाठी चाचणी ऐच्छिक केली.

विद्यार्थी क्रमांक मिळाला म्हणजे जागा मिळाली, हा सर्वांत नुकसानकारक समज. अर्जाने नोंदणीचा हक्क मिळतो. वर्गातली जागा स्वतः मिळवावी लागते. प्रत्येकाला नोंदणीची तारीख व वेळ दिली जाते. माजी सैनिक, अपंग विद्यार्थी, फॉस्टर केअरमधील तरुण यांची पाळी आधी येते. ओरिएंटेशन, प्लेसमेंट आणि काउन्सेलरसोबतचा शैक्षणिक आराखडा पूर्ण केलेल्या नव्या विद्यार्थ्यांनाही प्राधान्य मिळते. काउन्सेलरकडची खेप म्हणूनच वाया जात नाही. पुढे चार वर्षांच्या पदवीसाठी बदली घ्यायची असेल तर तेही तिथेच विचारावे: युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या सहा कॅम्पसांत ठरावीक अटींवर बदलीची हमी मिळू शकते, पण बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो त्यांत नाहीत. कोणता विषय कुठे धरला जातो, हे पहिल्या सत्राआधी पाहिलेले बरे.

वर्ग भरलेला दिसला की बहुतेक जण स्क्रीन बंद करतात. तिथेच वेटलिस्टचा पर्याय असतो. कोणी नाव काढले की यादीतला पहिला आपोआप आत येतो; सत्र सुरू झाल्यावर यादीतल्या विद्यार्थ्याने पहिल्या तासाला हजर राहायचे आणि शिक्षकाकडून ॲड कोड मागायचा. पहिल्या दिवशी गैरहजर राहणाऱ्यांची नावे शिक्षक काढू शकतात, त्यामुळे जागा होतात. कोड मिळाला की मुदतीच्या आत तो पोर्टलवर टाकावा लागतो, नाहीतर महिनाभर वर्गात बसूनही नोंद होत नाही.

वर्गाला जाणे थांबवले की नाव आपोआप कमी होते, ही समजूतही घात करते. नाव स्वतः काढावे लागते. सुरुवातीच्या मुदतीत काढले तर गुणपत्रिकेवर काहीच उमटत नाही. नंतर काढले तर डब्ल्यू (माघारीची नोंद) लागतो, ज्याचा जीपीएवर परिणाम होत नाही. अखेरपर्यंत काढलेच नाही, तर एफ श्रेणी आणि फीची थकबाकी दोन्ही राहू शकतात. तोच विषय साधारणपणे तीनदाच घेता येतो, आणि डब्ल्यू लागलेली खेपही त्यात मोजली जाते.