मनाचे दार कोण उघडणार?

माणसाच्या मनातले ओळखून दाखवतो म्हणणाऱ्या बुवा-बाबांनी आपल्या देशात शतकानुशतके पोट भरले. आता तेच काम प्रयोगशाळेत सुरू झाले आहे, आणि ते थोतांड नाही. म्हणूनच आम्ही त्याकडे गांभीर्याने पाहतो.

अमेरिकेतील ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात पीएच.डी. करणारा जेरी टँग आणि प्राध्यापक अलेक्झांडर हुथ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह मे २०२३ मध्ये 'नेचर न्यूरोसायन्स' या नियतकालिकात संशोधन प्रसिद्ध केले. तिघांना एमआरआय यंत्रात झोपवून प्रत्येकी १६ तास गोष्टी ऐकवल्या. कोणत्या आशयाने मेंदूतील रक्तप्रवाह कुठे आणि कसा बदलतो, हे संगणक त्यातून शिकला. मग नवी गोष्ट ऐकवली. संगणक शब्द सुचवीत गेला आणि मेंदूच्या नोंदीशी जुळणारे शब्द ठेवीत गेला. शब्द तंतोतंत आले नाहीत, पण मतितार्थ आला. 'माझ्याकडे अजून गाडीचा परवाना नाही' हे ऐकणाऱ्याच्या नोंदीतून 'तिने अजून गाडी शिकायला सुरुवातही केलेली नाही' असे वाक्य निघाले! पक्षाघाताने वाचा गेलेल्याला उद्या यातून बोलता येणार असेल, तर आम्ही त्याचे स्वागतच करू.

परंतु याच संशोधकांनी आणखी एक गोष्ट तपासली. एकाच्या मेंदूवर शिकलेले यंत्र दुसऱ्यावर चालले नाही. माणसाने मनात आकडे मोजले, प्राण्यांची नावे घेतली किंवा वेगळीच गोष्ट सांगितली, तर यंत्र हरले. म्हणजे आज तरी संमतीशिवाय मनाचे दार उघडत नाही. मात्र ही मर्यादा पुढे ओलांडली जाऊ शकते, असा इशाराही त्यांनीच दिला आहे.

उद्या असे यंत्र पोलीस ठाण्यात आले, तर त्यात पहिल्यांदा कोणाला झोपवतील? ब्रिटिशांनी १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ साली गेला, पण संशय आजही आधी पारध्याच्या पालावरच जातो. उत्तर शोधायला लांब जायला नको.

येथे बाबासाहेबांची राज्यघटना आडवी उभी आहे. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात कलम २०(३) आणि २१ च्या आधारे सांगितले, की नार्को, लाय डिटेक्टर आणि मेंदूची चाचणी कोणावरही सक्तीने करता येणार नाही. हा निकाल देशाचे पहिले दलित सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांनी लिहिला. संमतीने चाचणी करण्याची वाट मात्र खुली राहिली. कोठडीत बसलेल्या गरिबाची संमती ही खरोखर संमती असते काय?

म्हणून आमच्या वकिलांनी हा निकाल पाठ करावा आणि आमच्या मुला-मुलींनी अशा प्रयोगशाळांत संशोधक म्हणून शिरावे. यंत्र बनवणाऱ्यांत आपण नसलो, तर ते आपल्यावर चालवले जाईल तेव्हाच आपल्याला कळेल!