शाळेच्या गाडींत कोणी बसावें?

शहरांतील पुष्कळ घरांची सकाळ आतां शाळेच्या पिवळ्या गाडीच्या कर्ण्यानें सुरू होते. ही गाडी दाराशीं येते, कारण पालकांनीं तिचें भाडें भरलेलें असतें. तिच्यांत कोणी बसावें हा प्रश्न तेथें उद्भवतच नाहीं. पैसे भरील तो बसेल. परंतु ज्या मुलांना शाळेंत पोंचविण्याची जबाबदारी सरकारनें कायद्यानें पत्करली आहे, त्यांच्या बाबतींत हाच प्रश्न सर्वांत अवघड ठरतो. किती लांब राहणाऱ्या मुलाला वाहन द्यावयाचें, कोणत्या इयत्तेपर्यंत द्यावयाचें, मुलीला द्यावयाचें कीं मुलालाही, आणि एकदां दिलेली सोय पुढें काढून घेतां येते काय, ह्यांचीं उत्तरें गेल्या पंधरा वर्षांत अनेकदां बदललीं. प्रत्येक बदलाबरोबर कांहीं मुलें रेषेच्या आंत आलीं आणि कांहीं बाहेर राहिलीं.

पुणें जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यांतील कवठे येमाई हें गांव डोळ्यांपुढें ठेवलें म्हणजे हा विषय उलगडण्यास सोपा जातो. येमाई देवीच्या नांवानें ओळखलें जाणारें हें गांव घोड नदीच्या टापूंत आहे. पेठ, देऊळ, मोठी शाळा, गाड्यांचा थांबा हें सर्व गांवठाणांत. पण शेतकऱ्यांचीं कितीतरी कुटुंबें आपापल्या मळ्यांत, वाड्यावस्त्यांवर राहतात. ह्या टापूंत कालव्यांचें पाणी आलें, बाजरीच्या रानांत ऊस उभा राहिला, आणि घरें विहिरीच्या व पिकाच्या जवळ सरकलीं. शेतीच्या दृष्टीनें हें ठीकच झालें. शाळा मात्र जेथें होती तेथेंच राहिली. वस्तीवरच्या मुलाची वाट आतां पुरुषभर उंचीच्या उसांतून जाते.

कायदा ह्या मुलाविषयीं काय म्हणतो तें प्रथम पाहूं. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा मध्यवर्ती कायदा २००९ सालीं झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला. त्याखालीं महाराष्ट्र सरकारनें २०११ सालीं आपले नियम केले. पहिली ते पांचवीच्या मुलांसाठीं वस्तीपासून एक किलोमीटरच्या आंत, आणि सहावी ते आठवीच्या मुलांसाठीं तीन किलोमीटरच्या आंत शाळा असावी, असें त्यांत ठरलें. मात्र तेथें निदान वीस मुलें मिळावयास हवींत. जेथें एवढ्या अंतरांत शाळा नाहीं, तेथील मुलांसाठीं मोफत वाहनाची किंवा राहण्याची सोय सरकारनें वा स्थानिक संस्थेनें करावयाची आहे. म्हणजे वाहन ही मेहेरबानी नसून न बांधलेल्या शाळेची ती भरपाई आहे. ही एक गोष्ट नीट ध्यानांत ठेवली तर पुढचा सारा गोंधळ समजतो.

मध्यवर्ती सरकारनें २०१० सालीं केलेल्या नियमांत आणखी एक कलम आहे, व तें फार शहाणपणाचें आहे. दरडी कोसळण्याचें भय, पूर, रस्त्यांचा अभाव, किंवा एकूणच घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवर लहान मुलांना धोका असेल, तर अंतराची ही मर्यादा कमी करून तो धोका टळेल अशा ठिकाणीं शाळा द्यावी, असें तें सांगतें. कायद्यानें येथें फूटपट्टी क्षणभर खालीं ठेवून वाटेकडे पाहिलें आहे.

इंग्लंडांत ही दृष्टि यावयास पुष्कळ वाद व्हावे लागले. तेथें आठ वर्षांखालील मुलाला दोन मैल व त्यापुढील मुलाला तीन मैल अशी चालण्याची मर्यादा कायद्यानें घातलेली आहे. त्याहून दूरच्या मुलाला फुकट वाहन. एसेक्स परगण्यांतील एका बारा वर्षांच्या मुलीचें घर आडवाटेनें तीन मैलांच्या किंचित् आंत आणि सडकेनें तीन मैलांच्या किंचित् बाहेर पडत होतें. आडवाट निर्जन आणि बिनदिव्यांची. प्रकरण उमरावांच्या सभेपर्यंत गेलें. १९८६ सालीं तेथील न्यायाधीशांनीं असा निर्णय दिला कीं, सोबतीला मोठें माणूस घेऊन मूल ज्या वाटेनें बऱ्यापैकी सुरक्षितपणें जाऊं शकतें ती वाट उपलब्धच समजावी. सोबतीला जाणाऱ्या त्या मोठ्या माणसाची रोजची मजुरी कोणी द्यावयाची, हें मात्र निकालानें सांगितलें नाहीं. आपल्याकडे त्या माणसाचें नांव बहुधा आई असें असतें, आणि तिचा त्या दिवसाचा रोज बुडतो.

महाराष्ट्रानें एके काळीं ह्या प्रश्नाला अगदीं सरळ उत्तर शोधलें होतें. मूल शाळेकडे जात नसेल तर शाळा मुलाकडे न्यावी, ह्या हेतूनें २००१ च्या सुमारास वस्तीशाळांची योजना निघाली. एखाद्या पडवींत वा झाडाखालीं, स्थानिक तरुण निमशिक्षकाच्या हातून ह्या शाळा चालत. शिक्षणाचा दर्जा सर्वत्र सारखा नव्हता, निमशिक्षकांचें मानधन तुटपुंजें होतें, आणि नव्या कायद्यानंतर ह्या शाळांचें नियमित प्राथमिक शाळांत रूपांतर झालें. पण अंतराचा प्रश्न त्यांनीं मुळांतून सोडविला होता हें नाकारतां येणार नाहीं.

त्यानंतर वारें उलट्या दिशेनें वाहूं लागलें. २०१७ च्या अखेरीस दहांपेक्षां कमी मुलें असलेल्या सुमारें तेराशें शाळा जवळच्या शाळांत सामावून घेण्याचें ठरलें. सप्टेंबर २०२३ मध्यें वीसपेक्षां कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव शिक्षण खात्यानें मागविले. नंदुरबार जिल्ह्यांतील तोरणमाळ आणि पुणें जिल्ह्यांतील पानशेत हीं ठिकाणें नमुना म्हणून पुढें ठेवण्यांत आलीं. त्या वेळीं राज्यांत अशा लहान शाळांची संख्या १४,७८३ असून त्यांत सुमारें १ लाख ८५ हजार मुलें शिकत होतीं, असे आंकडे प्रसिद्ध झाले होते. समूह शाळेच्या बाजूनें बोलण्यासारखें पुष्कळ आहे. सात मुलांच्या शाळेंत एकच शिक्षक चार इयत्ता सांभाळतो; खेळाचा संघ होत नाहीं, प्रयोगशाळा होत नाहीं, आणि शिक्षक जनगणनेच्या वा निवडणुकीच्या कामाला गेला म्हणजे शाळेला कुलूप लागतें. मोठ्या शाळेंत ह्या उणीवा राहत नाहींत. अट एकच, कीं मूल तेथें रोज पोंचलें पाहिजे.

आणि येथेंच हिशेब पाहण्यासारखा आहे. समग्र शिक्षा योजनेंत दुर्गम व विरळ वस्तीच्या मुलांसाठीं वाहनखर्च म्हणून दर मुलामागें वर्षाला सरासरी ६,००० रुपयांपर्यंतची तरतूद आहे. पूर्वीं ती आठवीपर्यंतच्या मुलांना होती; ऑगस्ट २०२१ मध्यें योजनेची मुदत वाढवितांना ती माध्यमिक वर्गांनाही लागू करण्यांत आली, आणि पात्रतेंतील हा बदल निःसंशय चांगला झाला. आतां कायद्याप्रमाणें प्राथमिक शाळेचे दिवस वर्षाला किमान २००. म्हणजे एका मुलामागें दिवसाला ३० रुपये, पंधरा जाण्याचे व पंधरा येण्याचे. एका वस्तीवर दहा मुलें असलीं तर तीनशें रुपये जमतात; एखादा जीपवाला तेवढ्यांत दोन खेपा करण्यास कदाचित् तयार होईल. पण वस्तीवर दोनच मुलें असलीं तर साठ रुपयांत इंधनाचा खर्चही भागावयाचा नाहीं. शाळा बंद होते ती मुलें थोडीं म्हणून, आणि भत्ता मिळतो तो मुलांच्या डोक्यामागें. जेथें गरज सर्वांत अधिक तेथें रक्कम सर्वांत कमी, असा हा उलटा व्यवहार आहे. खेपेमागें किंवा किलोमीटरमागें खर्च धरला तर तो पुष्कळसा सुलटा होईल.

दुसरी गोष्ट मुदतीची. शाळेची इमारत एकदां उभी राहिली कीं दोन पिढ्या टिकते. वाहनाची मंजुरी दरसाल अंदाजपत्रकाबरोबर यावयाची. म्हणून शाळेच्या बदल्यांत गाडी घेतांना गांवानें कायमची वस्तु देऊन वर्षाच्या कराराची वस्तु घेतलेली असते. अमेरिकेनें शाळा एकत्र करून मुलांना वाहनानें आणण्याचा मार्ग फार पूर्वीं धरला. मुलांना शाळेंत पोंचविण्यासाठीं सार्वजनिक पैसा खर्च करण्याची मुभा मॅसॅच्युसेट्स राज्यानें १८६९ सालींच दिली. पुढें एका खोलीच्या हजारों शाळा बंद झाल्या, आणि १९३९ सालीं कोलंबिया विद्यापीठाच्या अध्यापक महाविद्यालयांत भरलेल्या परिषदेनें शाळेच्या गाडीचा तो परिचित पिवळा रंग ठरविला. अशा मुरलेल्या देशांतही केंटकी राज्यांतील लुइव्हिल शहराच्या शाळामंडळाला गाडीचालक पुरेनासे झाले. ऑगस्ट २०२३ मध्यें शाळेच्या पहिल्याच दिवशीं कांहीं मुलें रात्रीं दहाच्या सुमारास घरीं पोंचलीं, आणि पुढच्या वर्षापासून विशेष शाळांत जाणाऱ्या बहुतेक मुलांची गाडी मंडळानें बंद केली. शाळा तीच, मूल तेंच, घर तेंच. केवळ पात्रतेची रेषा सरकली. ज्यांच्या घरीं मोटार होती त्यांनीं मुलें पोंचविलीं. ज्यांच्या घरीं नव्हती त्यांतील कित्येकांना शाळा बदलावी लागली.

आपल्याकडे खेड्यांतील मुलांची खरी शाळेची गाडी म्हणजे एस. टी. होय. तिची पहिली गाडी १ जून १९४८ रोजीं अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, येथून पुण्यास निघाली, ती ह्याच शिरूरच्या, जुन्या लोकांच्या घोडनदीच्या, रस्त्यानें. विद्यार्थ्यांना एस. टी.च्या मासिक पासांत दोन तृतीयांश सवलत असते. ग्रामीण भागांतील मुलींना अहिल्याबाई होळकरांच्या नांवाच्या योजनेखालीं प्रवास सर्वस्वी मोफत आहे. ही सवलत प्रथम पांचवी ते दहावीच्या मुलींना होती. २०१८ सालीं ती बारावीपर्यंत वाढविली गेली. दहावीनंतर घरीं बसणाऱ्या किती मुलींना ह्या एका ओळीच्या बदलानें पुढचीं दोन वर्षें मिळालीं असतील ह्याची कल्पना खेड्यांत शिकविलेल्या कोणालाही येईल. जून २०२४ पासून पास शाळेंतच आणून देण्याची मोहीम सुरू झाली, त्यामुळें आगाराच्या खिडकीपुढील रांगही वांचली.

तथापि पास म्हणजे गाडी नव्हे. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एस. टी. कामगारांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत लांबला, तेव्हां महासाथीनंतर नुकत्याच उघडलेल्या शाळांकडे जाण्यास मुलींच्या हातीं पास असूनही वाहन नव्हतें. शिवाय एस. टी. सडकेनें जाते आणि फाट्यावर थांबते. वस्ती ते फाटा हें अंतर एकाही योजनेच्या हिशेबांत येत नाहीं. मागास ठरलेल्या १२५ तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमाखालीं प्रत्येकीं सात गाड्या खास आठवी ते बारावीच्या मुलींसाठीं देण्यांत आल्या; तेथें गाडीची वेळ शाळेच्या वेळेशीं बांधलेली आहे, आणि ह्या योजनेचें खरें मर्म त्यांतच आहे. मात्र तालुका मागास ठरला तरच मुलगी पात्र! बागायती तालुक्यांतील कोरडवाहू वस्तीवरच्या मुलीनें काय करावें?

शिरूर, आंबेगांव, जुन्नर, खेड ह्या तालुक्यांत आतां ह्या प्रश्नाला भयाची धार आली आहे. ऊस हें बिबट्याचें घर झालें आहे. मादी तेथेंच वितें आणि पिलें तेथेंच वाढतात. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत कवठे येमाईच्या जवळच्याच पिंपरखेड व जांबूत ह्या गांवीं तीन आठवड्यांच्या आंत दोन मुलें आणि एक वृद्ध स्त्री बिबट्याच्या हल्ल्यांत मरण पावलीं. तीं मुलें शाळेच्या वाटेवर नव्हतीं, घराजवळच होतीं. पण त्यानंतर वस्तीवरच्या कोणत्या आईनें मुलाला एकटें उसांतून पाठवावें? बिबट्याच्या वावराच्या भागांतील शाळांची वेळ सकाळीं साडेनऊ ते दुपारीं चार अशी करण्यांत आली, हें योग्यच झालें. पण शाळेची वेळ हलली कीं गाडीचीही हलावयास हवी. नाहीं तर मूल फाट्यावर गाडीची वाट पाहत अंधार होईपर्यंत उभें राहतें. आणि मुख्य गोष्ट ही कीं, नऊशें मीटरवर राहणारें मूल अंतराच्या नियमानें वाहनास पात्र ठरत नाहीं, मग त्या नऊशें मीटरांत दोन्ही बाजूंना ऊस असो वा पटांगण असो.

अशा मुलाच्या पालकांना कायद्यानें अगदींच मोकळ्या हातांनीं ठेवलेलें नाहीं. प्रत्येक सरकारी शाळेंत शाळा व्यवस्थापन समिति असते व तींत पालकांचें बहुमत असतें. वस्तीवार मुलांची यादी, शाळेपर्यंतचें पायवाटेचें व सडकेचें अंतर, मध्यें लागणारे ओढे, ऊस, जनावरांचा वावर, असा तपशील ह्या समितीच्या ठरावांत घालून तो जिल्हा परिषदेकडे पाठवितां येतो. अंतर मोजावयाचें तें मे महिन्यांत मोजूं नये; तेव्हां ओढा कोरडा आणि पुष्कळसा ऊस तुटलेला असतो. तें ऑगस्टांत मोजावें. ठरावाची दखल घेतली गेली नाहीं, तर कायद्याच्या ३२ व्या कलमान्वये मुलाच्या हक्काविषयींची लेखी तक्रार स्थानिक संस्थेकडे करतां येते, व संस्थेनें संबंधितांचें म्हणणें ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यावयाचा असतो; तो मान्य नसल्यास राज्याच्या बालहक्क आयोगाकडे दाद मागतां येते. तीन महिने म्हणजे शाळेचें जवळजवळ एक सत्र. म्हणून हा अर्ज जूनमध्यें शाळा उघडतांच द्यावा, दिवाळीची वाट पाहूं नये.