पहिलं पान आपलंच असावं

ब्राउझर उघडला की कधी न पाहिलेलं सर्चचं पान येतं. काहीही शोधा, आधी जाहिरातींची रांग. सेटिंगमध्ये जाऊन गूगल लावलं तरी संगणक पुन्हा सुरू केल्यावर तेच पान हजर. कळव्यात खारेगावला माझं ऑनलाइन फॉर्म आणि झेरॉक्सचं दुकान आहे. विटाव्यापासून पारसिकनगरपर्यंतची माणसं ‘ताई, लॅपटॉप स्लो झालाय’ म्हणून येतात, आणि पुष्कळदा दुखणं हेच निघतं. होमपेज पळवलेलं असतं.

‘राहू दे ना, पान कुठलंही असलं तर काय बिघडलं?’ असं बरेच जण म्हणतात. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. आपली निम्मी कामं आता त्या पानावरून सुरू होतात. मार्च 2020पासून कळवा-मुंब्रा भागातली वीज महावितरणच्या वतीनं टोरंट पॉवर पुरवते, तिचं बिल ऑनलाइन. ठाणे महापालिकेचा मालमत्ता कर ऑनलाइन. गावच्या जमिनीचा सातबारा ऑनलाइन. आपण पत्ता टाइप करत नाही, ‘लाइट बिल’ एवढंच लिहितो आणि वरची पहिली लिंक दाबतो. ती पहिली लिंक कुठली असावी हे दुसऱ्याच कोणी ठरवायला लागलं, तर खऱ्या पानासारखं दिसणारं खोटं पान आणि कस्टमर केअरचा खोटा नंबर यांच्यापर्यंत पोहोचायला एक क्लिक पुरतं.

हा उद्योग किती मोठा आहे ते जून 2017मध्ये कळलं. चेक पॉइंट या इस्रायली सुरक्षा कंपनीनं ‘फायरबॉल’ नावाचा प्रकार उघड केला. बीजिंगच्या राफोटेक या डिजिटल मार्केटिंग कंपनीचं नाव त्यात होतं. जगभरात 25 कोटी संगणक बाधित असल्याचा चेक पॉइंटचा अंदाज होता, आणि त्यात सर्वांत वर भारत होता, 2 कोटी 53 लाखांवर. हे आकडे फुगवलेले आहेत असं मायक्रोसॉफ्टनं नंतर सांगितलं. पण पद्धतीबद्दल वाद नव्हता. फुकटच्या सॉफ्टवेअरच्या पाठीवर बसून हा पाहुणा घरात शिरायचा आणि होमपेज व सर्च इंजिन बदलायचा. आपण शोधलेला शब्द आधी त्यांच्या बनावट पानाकडे जायचा, तिथं आपली माहिती टिपली जायची, मग तो याहू किंवा गूगलकडे ढकलला जायचा. उत्तर बरोबर मिळत असल्यामुळे कोणाला शंकाही यायची नाही. कंपनीला पैसे मिळायचे जाहिरातींतून. सगळ्यांत वाईट म्हणजे संगणकावर आणखी कुठलंही सॉफ्टवेअर उतरवायची ताकद त्यात होती.

आपल्याकडे हे येतं कुठून? माझ्या दुकानात दिसणारी मुख्य वाट फॉर्मांची आहे. भरतीचा किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज म्हणतो, फोटो अमुक केबीच्या आत हवा, कागदपत्रं एकाच पीडीएफमध्ये हवीत. शेवटची तारीख उद्यावर आलेली. पोरगं घाईत ‘फोटो रिसायझर फ्री डाउनलोड’ शोधतं. त्या पानावर डाउनलोडची चार हिरवी बटणं असतात, त्यांतली तीन जाहिराती. इन्स्टॉल करताना नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. मधल्या एका खिडकीत ‘आमचं सर्च तुमचं होमपेज करा’ या चौकोनात आधीच टिक केलेली असते. ती वाचायला कोणाला वेळ असतो? आपणच परवानगी दिली असं कागदोपत्री दिसतं, म्हणून अशा कंपन्यांना हात लावणं अवघड जातं.

खरं तर यातलं बरंचसं डाउनलोड करायची गरजच नसते. फोटो लहान करायला विंडोजमधलं पेंट पुरतं. पीडीएफ करायला विंडोज 10पासून प्रिंटरच्या यादीतच सोय आहे. मराठी टायपिंगसाठी फोनेटिक कीबोर्ड मे 2019च्या अपडेटपासून विंडोजमध्येच आहे. तरीही काही घ्यावंच लागलं तर मूळ कंपनीच्या साइटवरून घ्या, आणि इन्स्टॉल करताना ‘कस्टम’ किंवा ‘ॲडव्हान्स्ड’ निवडून प्रत्येक टिक वाचा.

पान पळवलं गेलंच असेल तर काढण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. नुसतं होमपेज बदलून भागत नाही, बदलणारा आत बसलेला असतो. आधी सेटिंग्जमधली ॲप्सची यादी तारखेनुसार लावा आणि त्रास सुरू झाला त्या सुमारास काय आलं ते पाहून अनोळखी ते काढा. मग ब्राउझरची एक्स्टेन्शन्स. आपण न टाकलेलं कूपन, हवामान, पीडीएफ असलं काहीही असेल ते काढा. त्यानंतर सर्च इंजिन आणि ‘ऑन स्टार्टअप’.

एवढं करूनही पान परत आलं तर एक जागा हमखास राहिलेली असते, ती म्हणजे डेस्कटॉपवरचं चिन्ह. क्रोमच्या आयकॉनवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज उघडा आणि ‘टार्गेट’ची चौकट बघा. तिथली ओळ सहसा क्रोम डॉट ईएक्सई आणि अवतरणचिन्हावर संपते. तिच्या पुढे एखाद्या साइटचा पत्ता चिकटवलेला दिसला, तर सेटिंग कितीही बदला, त्या चिन्हावरून उघडलं की तेच पान येणार. खालच्या पट्टीवरचं चिन्ह वेगळं असतं, तेही तपासावं लागतं. सोपा उपाय म्हणजे जुनी चिन्हं काढून नवी करणं.

काही वेळा क्रोमच्या मेनूत अशी ओळ दिसते की हा ब्राउझर तुमची संस्था चालवते. ऑफिसच्या लॅपटॉपवर ते रास्तच आहे. घरच्या संगणकावर मात्र विचारायला हवं, कुठली संस्था? ॲड्रेसच्या जागी ‘क्रोम’, कोलन, दोन तिरप्या रेघा आणि ‘पॉलिसी’ असं इंग्रजीत लिहिलं की कोणते नियम लादलेत ते दिसतं. काही अँटिव्हायरसही असा नियम घालतात, म्हणून घाबरून न जाता आधी वाचा. होमपेज किंवा सर्चबद्दल परका पत्ता दिसला तर जाणकाराकडून काढून घ्या. रजिस्ट्रीत स्वतः हात घालू नका.

शेवटचा उपाय ‘रीसेट सेटिंग्ज’. त्यानं बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड जात नाहीत, एक्स्टेन्शन्स मात्र बंद होतात. क्रोममधलं सफाईचं साधन वापरा असं जुने व्हिडिओ सांगतात. ते 2023मध्ये काढून टाकलं आहे, शोधत बसू नका. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर सफाईची साधनं मोफत मिळतात, ती वापरा. आणि घरातले दोन संगणक एकाच गूगल खात्यावर असतील तर दोन्हीकडे बघा, कारण काढलेलं एक्स्टेन्शन सिंकमधून परत येतं.

साफ झालं की पहिलं पान रिकामं सोडू नका, आपलं लावा. ‘ऑन स्टार्टअप’मध्ये एकापेक्षा जास्त पानं ठरवता येतात. दुकानात येणाऱ्या काकांना मी हेच करून देते: एक साधं सर्चचं पान, एक महापालिकेचं, एक सातबाऱ्याचं. वीजबिलाचा पत्ता छापील बिलावरून बघून बुकमार्क करायचा. सरकारी पत्त्याचा शेवट ‘जीओव्ही डॉट इन’ असा आहे ना, हे मी त्यांना बोट ठेवून दाखवते. एकदा लावलं की दर महिन्याला शोधायची पाळी येत नाही, आणि शोधणंच थांबलं की फसवणाऱ्याची वाटच बंद होते.

मोबाइलवर पान पळवण्यापेक्षा नोटिफिकेशनचा त्रास जास्त. पुढं जायला ‘अलाउ’ दाबा असं एखादी साइट म्हणाली की दाबू नका, आणि आधी दाबलेलं असेल तर क्रोमच्या सेटिंगमधल्या नोटिफिकेशनच्या यादीतून ती साइट बंद करा.

खोट्या पानावर पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प बसू नका. आधी बँकेला आणि 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा, लॅपटॉपची दुरुस्ती नंतर. पहिल्या काही तासांत तक्रार गेली तर पैसे वाटेतच अडवता येण्याची शक्यता जास्त असते.