धूमकेतूच्या कोमातील आयन

धूमकेतूच्या केंद्रकाभोवती असणाऱ्या वायूच्या विरळ आवरणाला कोमा म्हणतात. या वायूतील विद्युतभारित अणू व रेणू, म्हणजेच आयन, आणि मुक्त इलेक्ट्रॉन मिळून धूमकेतूचे आयनावरण बनते. धूमकेतूची निळसर आयन-शेपटी याच कणांपासून तयार होते.

निर्मिती
धूमकेतू सूर्याजवळ येऊ लागला की केंद्रकातील बर्फाचे थेट वायूत रूपांतर होते. हा वायू सेकंदाला सुमारे १ किमी वेगाने बाहेर पसरतो. सूर्याचे अतिनील किरण त्याच्या रेणूंमधील इलेक्ट्रॉन बाहेर काढतात. सौर वाऱ्यातील प्रोटॉनशी विद्युतभाराची देवाणघेवाण झाल्यानेही आयन तयार होतात. केंद्रकाजवळच्या दाट भागात पाण्याचा आयन दुसऱ्या पाण्याच्या रेणूशी अभिक्रिया करतो व त्यातून हायड्रोनियम आयन बनतो. शेपटीचा निळा रंग मुख्यतः कार्बन मोनॉक्साइडच्या आयनांमुळे येतो.

सौर वाऱ्याशी आंतरक्रिया
धूळ-शेपटी सूर्यप्रकाशाच्या दाबाने मागे ढकलली जाते व वक्राकार होते. आयन-शेपटी मात्र जवळजवळ सरळ सूर्याच्या विरुद्ध दिशेला असते. तिच्यातील गाठींचा प्रवेग इतका मोठा असतो, की तो केवळ प्रकाशाच्या दाबाने घडणे शक्य नाही. यावरून १९५१ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ लुडविग बिअरमान यांनी सूर्यातून विद्युतभारित कणांचा अखंड प्रवाह निघत असावा, असे अनुमान काढले. अंतराळयानांनी सौर वारा प्रत्यक्ष मोजण्यापूर्वीचे हे अनुमान होते.

सेकंदाला सुमारे ४०० किमी वेगाने येणारा सौर वारा धूमकेतूच्या जड आयनांना सोबत ओढतो व त्यामुळे स्वतः मंदावतो. १९५७ मध्ये स्वीडनचे हानेस आल्फवेन यांनी स्पष्ट केले, की सौर वाऱ्याबरोबर वाहून येणाऱ्या चुंबकीय बलरेषा कोमाजवळ अडखळतात आणि केंद्रकाभोवती वाकून मागे लांबतात. धूमकेतूला ग्रहासारखे स्वतःचे मोठे चुंबकीय क्षेत्र नसूनही तो अशा प्रकारे सौर वाऱ्याला अडथळा ठरतो.

निरीक्षणे
११ सप्टेंबर १९८५ रोजी 'आइस' हे यान जाकोबिनी–झिनर धूमकेतूच्या शेपटीतून, केंद्रकापासून सुमारे ७,८०० किमी अंतरावरून गेले. मार्च १९८६ मध्ये 'जोत्तो' हे यान हॅलेच्या केंद्रकापासून सुमारे ६०० किमीवरून गेले. केंद्रकापासून सुमारे ४,७०० किमीच्या आत चुंबकीय क्षेत्र जवळजवळ शून्य असल्याचे त्याला आढळले. बाहेर वाहणारा वायू तेथील आयनांना सोबत ढकलतो, त्यामुळे सौर वाऱ्याचे क्षेत्र आत शिरू शकत नाही.

ही दोन्ही याने धूमकेतूजवळून केवळ निघून गेली होती. 'रोझेटा' यान मात्र ऑगस्ट २०१४ ते सप्टेंबर २०१६ या काळात ६७पी/चुर्युमोव–गेरासिमेन्को धूमकेतूच्या सोबत राहिले. त्यामुळे आयनावरण वाढताना व पुन्हा विरताना प्रथमच पाहता आले. चुंबकीय क्षेत्ररहित पोकळी यानाला शेकडो वेळा भेटली. तिची सीमा स्थिर नसून सतत पुढेमागे होते, असे त्यावरून दिसून आले.

पृथ्वीवरून निरीक्षण
तेजस्वी धूमकेतूंच्या दोन्ही शेपट्या वेगळ्या दिसू शकतात. १९९७ साली महाराष्ट्रातूनही नुसत्या डोळ्यांनी दिसलेल्या हेल–बॉप धूमकेतूच्या छायाचित्रांत पांढरट धूळ-शेपटी व निळी आयन-शेपटी स्पष्टपणे ओळखता येतात.