उग्र, करारी, राकट

धाराशिव जिल्ह्यातलं, परंडा तालुक्यातलं सोनारी हे काळभैरवनाथाचं गाव. कितीतरी मराठी घराण्यांचं हे कुलदैवत. कठोर चेहऱ्यासाठी मराठीत असलेले शब्द समजून घ्यायला या देवापासूनच सुरुवात करावी.

देवाची मुद्रा

भैरव म्हणजे शिवाचं रौद्र रूप. मूर्तिकार त्याला वटारलेले डोळे, बाहेर आलेले सुळे, पिंजारलेल्या जटा देतात. तरीही भक्त त्या मुद्रेला ‘उग्र’ म्हणतो, ‘भेसूर’ म्हणत नाही. भीती दोन्ही शब्दांत आहे. पण उग्रपणात धाकासोबत आधारही असतो, कारण हा राग रक्षण करणाऱ्याचा आहे. भेसूर चेहऱ्यापासून माणूस पळतो, उग्र मुद्रेपुढे हात जोडतो. ‘अक्राळविक्राळ’ हा शब्द राक्षसाच्या वाट्याला येतो, आणि त्यात चेहऱ्याबरोबर अवाढव्य देहही आला. ‘देव कडक आहे’ असं म्हणताना मात्र रोख चेहऱ्यावर नसतो. नवस आणि नेम पाळण्यावर असतो.

स्वभाव की ऊन?

लोकमान्य टिळकांच्या छायाचित्रातली मुद्रा ‘करारी’. या शब्दात निश्चय आहे, म्हणून तो कौतुकाचा. ‘करडी’ ही बहुधा नजर असते, शिस्तीच्या मास्तरांची. ‘खाष्ट’ म्हटलं की कौतुक संपलं. तिथे स्वभावावरच ठपका येतो.

‘रापलेला’ चेहरा वेगळा. तो ऊनवाऱ्यात राबून झालेला असतो. ‘राकट’मध्ये ठेवणीचा दणकटपणा येतो, ‘निबर’मध्ये कोवळीक गेल्याची खूण. असे चेहरे कठोर दिसतात, पण त्यावरून माणूस रागीट ठरत नाही. कथालेखक शेतकऱ्याच्या रापलेल्या चेहऱ्याला सर्रास ‘कठोर’ म्हणतात, तेव्हा त्या माणसावर अन्याय होतो असं मला मनापासून वाटतं.

कपाळावरची आठी

भुवया जवळ ओढणारा एक छोटा स्नायू असतो. त्याच्या आकुंचनाने भुवयांमध्ये उभ्या आठ्या पडतात. चार्ल्स डार्विनने 1872 साली भावनांच्या आविष्कारावर ग्रंथ लिहिला. त्यात त्याने दाखवलं की ही आठी केवळ रागाची नाही. विचारात अडचण आली किंवा डोळ्यांवर ऊन आलं तरी ती पडते. म्हणून नुसती आठी पाहून ‘रागीट’ लिहू नये. आधी डोळे आणि ओठ पाहावेत. ओठ घट्ट आवळलेले आणि डोळे रोखलेले असतील तर ‘संतप्त’. ओठांचे कोपरे खाली उतरलेले असतील तर ‘त्रासिक’. नजर कुठेतरी दूर लागलेली असेल तर ‘विचारमग्न’.